दगडांची सरळ रेघ

देल्फिना आणि गाउदेन्झिओ ही सख्खी भावंडं वर्षातून एकदाच एकमेकांशी बोलतात, तेही सप्टेंबरात, आणि तेही बर्फावर. त्याने आईच्या गाई तिला न विचारता विकल्या तेव्हापासून हे असं आहे. ती खाली गावात राहते, तो वर गिर्यारोहकांच्या मुक्कामाचं डोंगरघर चालवतो आणि मी, रोमिल्दा, त्याच्याकडे स्वयंपाक करते. मापाच्या दिवशी फीत धरून मधे चालायला तिसरं माणूस लागतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण दोघंही माझ्याशी बोलतात.

स्कुरा हिमनदीचं माप देल्फिना घेते. तिच्या आधी शाळेचे मास्तर घेत, त्यांच्या आधी गावचे पाद्री. पद्धत तीच. दोन्ही काठांच्या खडकावर लाल खूण आहे. सप्टेंबरात एका खुणेपासून दुसरीपर्यंत बर्फावर लाल रंगाचे दगड सरळ ओळीत मांडायचे. वर्षभरात बर्फ सरकतो आणि दगडांना खाली नेतो. किती नेलं ते मोजायचं, मग दगड परत रेघेवर. रेघेच्या मधोमध बर्फात एक काठी खोल रोवलेली असते. हिवाळ्याने घातलेलं आणि उन्हाळ्याने खाल्लेलं, याचा हिशेब ती दाखवते.

मोजताना बहीण एका खुणेपाशी उभी राहते, भाऊ समोरच्या. त्यांचं बोलणं म्हणजे "डावीकडे!", "अजून जरा!", "बहिरा झालास का?" एवढंच. संपलं की ती आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट खीर, खाते आणि खाली जाते. आत पाऊल टाकत नाही.

गेल्या वर्षी दगड जेमतेम वीतभर सरकले होते. शहरातल्या समितीने कळवलं होतं की यंदा हालचाल दिसली नाही तर स्कुराला यादीतून काढू. जो बर्फ चालत नाही त्याला ते हिमनदी म्हणत नाहीत, नुसता पडून राहिलेला बर्फ म्हणतात. वर चढताना देल्फिना मला म्हणाली, "यंदा शून्य आलं की सुटले बाई. या गुडघ्याला तेवढाच आराम." आवाज मात्र सुटल्यासारखा नव्हता.

वर पोचलो तर लाल दगड खुणांच्या रेघेपासून चांगले हातभर खाली!

"बघ!" पलीकडून गाउदेन्झिओ ओरडला. "म्हातारी चालतेय की नाही?"

देल्फिनाने वही उघडली. मला मधल्या दगडापाशी फीत धरायला लावली, मग काठाजवळच्या, मग दुसऱ्या काठाच्या. सगळीकडे तेच माप. ती वाकून ओळीच्या बाजूने बघत राहिली. दगड सुतात ओवल्यासारखे सरळ होते.

"गाउदेन्झिओ, इकडे ये."

तो आला. कमर धरून लंगडत आला.

"मिस्सा संपल्यावर चर्चमधली माणसं बाहेर कशी पडतात?"

"कशी म्हणजे? दारातून."

"मधली भराभर निघतात, भिंतीकडची अडकून राहतात. बर्फ तसाच चालतो. काठाचा बर्फ खडकाला घासतो, मधला पुढे जातो. दरवर्षी ही ओळ कमानीसारखी वाकते. तुझी ओळ सैनिकांसारखी उभी आहे."

"माझी ओळ? मला काय दगडांचा धंदा आहे?"

"पाठ दाखव."

त्याने दाखवली नाही. ऑगस्टपासून हा माणूस कमरेला लोकरीचा पट्टा बांधून होता. गॅसचा सिलिंडर उचलताना लचकली, असं मला सांगत होता. सिलिंडर मीच उचलते, पण मी त्याला कशाला खोटं पाडू?

मधली काठी मात्र त्याला हलवता आली नव्हती. देल्फिनाने एका खुणेवरून समोरच्या खुणेकडे नजर लावली. काठी बरोबर रेघेवर होती, गेल्या सप्टेंबरात होती तिथेच.

"शून्य," ती म्हणाली.

"लिही. लिही शून्य!" तो एकदम भडकला. "मग पुढच्या सप्टेंबरात तुझं काय काम आहे इथे? गाई विकल्यापासून तू माझ्यासाठी कधी डोंगर चढलीस? या दगडांसाठी चढतेस. म्हणून हलवले दगड. एकेक उचलून हलवले. घे!"

मला त्याची दया आली, आणि रागही आला. हे वाक्य खाली गावात, तिच्या दारात जाऊन बोलला असता तर पाठ तरी वाचली असती.

देल्फिनाने शून्य लिहिलं. शेजारी लिहिलं, 'दगड माणसाने हलवले.'

"नाव टाकलंस?"

"नाही. समितीला हसण्याची सोय मी कशाला करू?" तिने वही बंद केली. "ड्रिल आण."

"कशाला? संपलं ना?"

"चालायचं संपलं. वितळायचं कुठे संपलंय? ही काठी बघ."

गेल्या वर्षी बर्फाच्या पातळीला कापून सोडलेली काठी आता देल्फिनाच्या डोक्याच्या वर आली होती. उन्हाळ्याने तेवढा बर्फ नेला होता.

"समिती विचारणार नाही तुला."

"समितीला कोण विचारतंय?"

वाफेचं ड्रिल तो उचलायला गेला तर तिने ड्रिलचा पट्टा त्याच्या हातातून ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "तुझं वजन उचलून झालंय यंदाचं." नव्या काठीसाठी भोक पाडायला लागलो. नळी सरसर खाली गेली आणि मग अडली. देल्फिनाने ती थोडी वर घेऊन पुन्हा दाबली. खालून टक असा आवाज आला. खडक.

एवढ्या वर्षांत नळी खडकाला लागल्याचं मला आठवत नाही. देल्फिनाने भोकात फीत सोडून खोली पाहिली, मग काठीकडे पाहिलं. काठीच्या उघड्या पडलेल्या भागाच्या तिप्पटही बर्फ खाली उरला नव्हता.

"अजून किती सप्टेंबर?" गाउदेन्झिओने विचारलं.

ती फीत गुंडाळू लागली. भागाकार त्यालाही येत होता.

आम्ही काठी रोवली, दगड रेघेवर मांडले आणि उतरलो. बाकापाशी मी नेहमीसारखी तिची ताटली ठेवायला निघाले, तर देल्फिना बाकावर नव्हती. उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. बूट भिंतीला नीट लावून ती मोज्यांनिशी आत आली आणि चुलीजवळच्या आईच्या खुर्चीत जाऊन बसली. गाउदेन्झिओ दारातच थिजला.

"उभा काय राहिलास? बस," ती म्हणाली. "आणि सांग, गाई कुणाला विकल्यास?"

तो बसला आणि सांगू लागला. पोलेंटा मी दोनदा गरम केला.