वाघातला घ

चामोर्शीच्या बसस्टँडजवळ बाबूभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. साधना तिथे कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, तेरवी, मार्कंड्याच्या जत्रेच्या शुभेच्छा, धानाच्या बियाण्याची जाहिरात, जे येईल ते टाइप करायचं, फोटो लावायचे आणि मशीनवर सोडायचं. गिऱ्हाईक मागे उभं राहून सांगतं, अजून मोठं करा, लाल करा, सावली टाका. ती टाकते. संध्याकाळी भरलेल्या ऑटोत अंग चोरून बसते आणि गावी परतते. नवरा देवानंद गावच्या तलावात मासे धरतो. पाणी आटलं की तेलंगणात मिरची तोडायला जातो. त्या दिवसांत घरात ती आणि सासू ताराबाई, दोघीच असतात.

गडचिरोलीत एका संस्थेनं बायकांसाठी डिझाइनचा वर्ग काढला, तेव्हा तिचं नाव बाबूभाईंनीच दिलं. ते म्हणाले, शिकून आलीस तर दुकानाचंही भलं होईल. वर्ग रविवारी होता. आठवड्यातली एक सुट्टी होती, तीही गेली.

उर्वशी मॅडम शिकवायच्या. सुरुवातीचे कितीतरी रविवार त्यांनी कॉम्प्युटर लावूच दिला नाही. चपट्या टोकाचं पेन हातात द्यायच्या आणि एकच अक्षर पानभर काढायला सांगायच्या. दांडी कुठे जाड होते, गाठ कुठे बसते, वेलांटी किती वाकते, ते बघा म्हणायच्या. साधनाला पुन्हा पहिलीत बसवल्यासारखं वाटे. पुढे त्या ओळींकडे वळल्या. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकू नये, एवढी जागा मध्ये हवी. इंग्रजी अक्षरं लांब लांब ठेवता येतात, पण मराठी शब्द ताणला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. एका फलकावर एकच गोष्ट मोठी असावी, बाकीच्यांनी तिच्यामागे उभं राहावं.

साधनाला हे पटत होतं. पण परतीच्या बसमध्ये खिडकीच्या दांडीवर डोकं आपटेपर्यंत तिला झोप लागलेली असे. सोमवारी दुकानात तिनं एकदा नावाभोवती मोकळी जागा सोडून पाहिली. गिऱ्हाईक म्हणालं, "इथी रिकामं काऊन सोडलं? पैसे तं पूर्‍या फ्लेक्सचे घेऊन राह्यले." तिनं वाद घातला नाही. त्या जागेत फुलं टाकली. शिकलेलं वापरायलाही अंगात जोर लागतो, आणि तिच्यात तो उरत नव्हता.

मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत शेजारच्या गावची मंगली पहाटे एकटीच टोपली घेऊन जंगलात गेली आणि वाघानं तिला मारलं. ताराबाई तिला चांगली ओळखत होती. म्हातारपणी अक्षरं शिकवायचा जो वर्ग गावात भरायचा, त्यात दोघी एकाच चटईवर बसायच्या. बातमी आली त्या दिवशी ताराबाईनं चूल पेटवली, पण भात रांधायचं विसरून गेली.

मग साधनाच्या गावच्या वन समितीचा अंकुश फलक बनवायला दुकानात आला. मंगलीला उचलून आणणाऱ्यांत तो होता. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती, ते डोळ्यांत दिसत होतं. त्यानं मजकूर दिला. सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की सदर क्षेत्रात वन्यप्राण्याचा वावर असल्याने, अशी सुरुवात होती. वाक्य खाली उतरता उतरता संपत नव्हतं. वर समितीचे फोटो आणि बाजूला वाघाचं चित्र.

साधनानं विचारलं, "अंकुशभाऊ, हे वाचनार कोन?"

"कोनी नाई वाचत, बाई," तो म्हणाला. "लावा लागते म्हणून लावून राह्यलो."

तिला वाटलं, नेहमीसारखं टाइप करावं आणि मोकळं व्हावं. मग तिनं त्याच्याकडे एक दिवस मागितला. वाघाचं चित्र तर तिनं मनातून आधीच काढून टाकलं होतं. ते पुढाऱ्यांच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतं, ते बघून कुणी थांबत नाही.

निघताना तिनं दोन ओळी कागदावर मोठ्या छापून घेतल्या. वाघ आहे. मागे फिरा. दुकानातल्या सगळ्यांच्या आवडत्या फाँटमध्ये. घरी आल्यावर कागद भिंतीला चिकटवला आणि सासूला अंगणाच्या कुंपणाजवळ उभं केलं.

ताराबाई ओठ हलवत वाचू लागली. "वा... ध. वाध. हे वाध काय होय?"

साधना वैतागली. दिवसभराची दमलेली होती. वाघ आहे माय तो, म्हणाली, तुमचे डोळे आता गेले.

"डोये चांगले हाय माये," ताराबाई शांतपणे म्हणाली. "वाघ असन तं वाघ लिही नं. हा घ नोहे."

साधना कुंपणाजवळ गेली आणि तिथून तिनं पाहिलं. फाँट नखरेल होता. त्यात शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर थोडी कापलेली होती आणि घचं डावं टोक आत मुरडलं होतं. लांबून तो धच वाटत होता. हाच फाँट तिनं आजवर कितीतरी फ्लेक्सना लावला होता. वाचणाऱ्यांना शब्द आधीच माहीत असायचे, म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. एकेक अक्षर जोडून वाचणाऱ्या बाईला मात्र जे दिसतं तेच वाचावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साधा, उभा, सरळ शिरोरेषेचा फाँट घेतला. घचं डावं टोक शिरोरेषेला नीट टेकलेलं आहे ना, ते मोठं करून तपासलं. संध्याकाळी पुन्हा कागद भिंतीवर आणि सासू कुंपणाजवळ.

"वाघ आहे," ताराबाईनं वाचलं. मग खालची ओळ वाचली आणि मान हलवली. "मागं फिरा म्हणशीन तं कोन फिरन? मोहा पडून राह्यला. आमी जाऊच. मंगली एकटी गेली नं, तेच चुकलं."

तेव्हा खालची ओळ बदलली. एकटं जाऊ नका.

अंकुश पाहायला आला तेव्हा फोटोंसाठी हटून बसेल, असं साधनाला वाटलं होतं. त्यानं कागद पाहिला आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. पण समितीतल्या बाकीच्यांना फोटो हवेच होते. मग गावाच्या तोंडाशी फोटोंचा, लांब मजकुराचा फलक लावायचा आणि जंगलात जाणाऱ्या वाटांवर हे दोन ओळींचे, असं ठरलं. बाबूभाईंनी दोन्ही छापून दिले. जाताना अंकुश म्हणाला, हा आधी असता तर. मग फलकांची गुंडाळी खांद्यावर टाकून तो निघाला.

पुढच्या रविवारी साधना पहाटे सासूबरोबर मोह वेचायला गेली. देवानंद नव्हता आणि ताराबाईला एकटं सोडायची तिची तयारी नव्हती. वाटेवर झाडाला फलक बांधलेला होता. त्याच्याखाली तीन-चार बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. कुणी परत फिरलं नव्हतं. मागून येणाऱ्यांची वाट बघत होत्या. सगळ्या जमल्यावर, आवाजानं वाघ दूर राहावा म्हणून एकीनं ताट वाजवायला सुरुवात केली आणि त्या आत शिरल्या. ऊन वर येईपर्यंत साधना वाकून फुलं वेचत राहिली. हातांना मोहाचा गोड, आंबट वास लागला. कंबर मोडून आली. भीती शेवटपर्यंत गेली नाही. पाला वाजला की सगळ्याच मान वर करायच्या.

टोपली घरी ठेवून ती तशीच बसला धावली. वर्गात उशिरा पोचली. मॅडमनी घरचा अभ्यास मागितला, तो झाला नव्हता. तिनं मोबाइलमधला फलकाचा फोटो दाखवला आणि फाँट का बदलावा लागला, ते थोडक्यात सांगितलं.

मॅडमनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, अक्षर छान निवडलंस, पण दोन ओळींत अंतर अजून थोडं हवं होतं.

"हो मॅडम," साधना म्हणाली. "आज सकाळी झाडाखाली उभी होती, तवाच दिसलं मले."

मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिला मागच्या बाकावर जाऊन थोडा वेळ डोकं टेकायला सांगितलं. साधना गेली. डोळे मिटण्याआधी तिनं वहीच्या कोपऱ्यात त्याच दोन ओळी पेन्सिलीनं पुन्हा काढल्या, मध्ये जरा जास्त जागा सोडून.