उलटा ठेवलेला कप

मित्रांनो, मला नीट बघून घ्या. काळी माती, गोल पोट, उंच मान आणि कानाला गेलेला तडा. जिम्मा गावात अस्नाकेचच्या कॉफीच्या दुकानात मी इतकी वर्षं शेगडीवर बसले आहे की माझ्या पोटाला आता कॉफीचाच वास येतो. मला जबेना म्हणतात. कॉफी उकळायचा मातीचा चंबू, एवढंच माझं काम. पण माझ्याशिवाय या गल्लीचं पान हलत नाही. निदान कालपर्यंत तरी हलत नव्हतं.

मला घडवलं एमामा दिंके नावाच्या म्हातारीने. एमामा म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला इकडे तसंच म्हणतात. तिने मला चाकावर फिरवलं नाही. मांडीवर घेऊन, हातांनी वळून, मानेला अंगठ्याने गोलाई देत केलं आणि उघड्या जाळात भाजलं. शनिवारच्या बाजारात अस्नाकेचने मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि हसली. बाकीची गिऱ्हाइकं पैसे दिंकेसमोर जमिनीवर टाकत होती. अस्नाकेचने ते तिच्या तळहातावर ठेवले. शेजारची भाजीवाली टकमका बघतच राहिली.

कारण असं की दिंके कुंभारीण, आणि कुंभारांना इकडे बुडा समजतात. बुडाची नजर माणसाला आतून खाते, असं लहानपणापासून सगळ्यांच्या कानी पडलेलं असतं. त्यांनी केलेलं मडकं चालतं, त्यात शिजवलेलं चालतं, पण त्यांच्या शेजारी बसून खाणं चालत नाही. मी मातीची, मला अक्कल कमी. तरी हा हिशेब मला कधी कळला नाही.

दुकान म्हणजे एक खोली, बुटके स्टूल, जमिनीवर रोज पसरलेलं ओलं गवत आणि कोपऱ्यात धुपाचा निखारा. अस्नाकेच तव्यावर बिया भाजायची आणि तवा हातात घेऊन प्रत्येकासमोर फिरवायची, म्हणजे धूर आधी नाकाने पिता येतो. मग मी उकळायचे. पहिली कॉफी कडक, दुसरी मवाळ, तिसरी पाणचट. पण तिसरीलाच मान जास्त, कारण तिसरी म्हणजे बरका, आशीर्वाद. ती न घेता उठणारा माणूस घराचा आशीर्वाद लाथाडून जातो, अशी इथली समजूत.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक गाशे गोशू. जन्मभर ट्रक चालवून म्हातारा झालेला, म्हणून सगळे मानाने गाशे, म्हणजे दादा म्हणायचे. तो रोज नाक मुरडायचा.

"एतिये, ही कॉफी आहे की टायर धुतलेलं पाणी?"

एतिये म्हणजे ताई. सगळी गल्ली अस्नाकेचला एतिये म्हणायची.

"टायरचं पाणी म्हणता आणि तीन-तीन कप रिचवता!"

"काय करणार, या जुन्या गाडीला सवय झालीय."

शेजारची झेर्फे तान्ह्या किरुबेलला पाठीशी बांधून यायची. दुकानात आली की सासूच्या कागाळ्या, बाजारभाव, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं मोडलं, सगळं माझ्या वाफेबरोबर वर जायचं. परगावचा कोणी चुकून आला तरी तिसऱ्या कपापर्यंत घरचा होऊन जायचा. "जबेना असावी तर अशी," असं म्हणून लोक माझी मान कुरवाळायचे. खरं सांगते, मी फुगायचे.

एका बाजाराच्या दिवशी दिंके दारात आली. पाय सुजलेला, पाठीवर न विकलेल्या जबेनांचं ओझं. नेहमी ती दाराबाहेर उभी राहून पाणी मागायची. त्या दिवशी अस्नाकेच म्हणाली, "एमामा, आत या. जिने जबेना केली तिनेच बाहेर उभं राहून कॉफी प्यायची, हे कुठलं शहाणपण?"

दिंके आत आली आणि दाराजवळच्या स्टुलावर अर्धीच टेकली. अस्नाकेचने तिला निळ्या काठाचा चांगला कप दिला, त्यात वासासाठी सतापाची डहाळी बुडवली. किरुबेल दिंकेकडे बघून हसला आणि म्हातारीच्या तोंडून निघून गेलं, "किती गोड आहे गं लेकरू!"

झेर्फेने झटकन बाळाच्या तोंडावर शाल ओढली. गाशे गोशू पहिल्याच कपावर उठला. "काम आठवलं," म्हणाला. त्याला काम नसतं हे गल्लीतलं कुत्रंही सांगेल. त्याच्यामागून सगळे गेले. बरका घ्यायला उरल्या फक्त दोघी. इतक्या लोकांनी तिसरी कॉफी सोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी किरुबेल तापाने फणफणला. या दिवसांत जिम्म्यात डास किती असतात आणि मलेरिया किती पोरांना होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सकाळी मलेरियाचं नाव कोणी घेतलं नाही. माणसं दुकानात गोळा झाली, आणि कॉफी प्यायला नव्हे. बाळाचे डोळे वर जात होते.

"दवाखान्यात ने झेर्फे, सुई देतील," अस्नाकेच म्हणाली.

"सुई?" झेर्फे किंचाळली. "बुडाने खाल्लेल्याला सुई टोचली की तो जागच्या जागी मरतो! आधी तिला आणा. ती याच्यावर थुंकेल, नजर काढून घेईल, मगच सुई."

मित्रांनो, इथे हे सगळे मानतात. ज्याने खाल्लं त्यानेच थुंकून सोडायचं. दिंके थुंकली नाही आणि बाळ गेलं, तर तिनेच मारलं. थुंकली आणि बाळ जगलं, तर तिनेच खाल्लं होतं. दोन्हीकडून दार बंद.

कोणी तिला ओढून आणायच्या आधी दिंकेच लंगडत आली. अस्नाकेच तिच्या आडवी झाली. "एमामा, थुंकू नका. थुंकलात की कबूल केल्यासारखं होईल. जन्मभर हेच ऐकावं लागेल."

दिंकेने बाळाकडे पाहिलं. "माझी दोन अशीच गेली, वाट बघता बघता. माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय बाई. याचं अजून सगळं व्हायचंय." मग झेर्फेकडे वळली. "मी थुंकते. पण मी थुंकले की तू उठायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. शपथ घे."

झेर्फेने शपथ घेतली. दिंके थुंकली. झेर्फे धावत सुटली.

किरुबेल वाचला. सुईने वाचला, औषधाने वाचला. पण गल्ली म्हणाली, "बघा, ती थुंकली आणि ताप उतरला. म्हणजे तीच होती." सुईचा विषय कोणी काढला नाही. त्याच आठवड्यात कोणीतरी दिंकेची वाळत घातलेली मडकी काठीने फोडली. दिंके आणि तिच्या वस्तीतली इतर कुंभारांची घरं ओझी बांधून निघून गेली. कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र परत आली. टायरच्या पाण्याचे विनोद परत आले. झेर्फेने निळ्या काठाचा तो कप उचलला आणि खिडकीत सगळ्यांपासून लांब उलटा ठेवला. मला पोटातून ओरडावंसं वाटलं. अरे, तुम्ही माझ्यातून रोज पिता! मला कोणी केलं?

अस्नाकेच ओरडली नाही. ती रोज तिसऱ्या कॉफीला तो कप खिडकीतून काढायची, सुलटा करायची, भरायची आणि सगळ्यांदेखत प्यायची. सुरुवातीला लोक दुसरीकडे बघायचे. मग हळूच आपापसात बोलू लागले, बुडाच्या कपातून पिणारी आता बुडाच झाली. मुलांना दुकानात आणणं बंद झालं. मग मोठेही फक्त दोनच कप पिऊन उठू लागले. माझ्या कानाला तडा गेला तो याच दिवसांत. नवी जबेना आणायला बाजारात गेलेली अस्नाकेच रिकाम्या हाताने आली. ती घडवणारं कोणी आता उरलेलंच नाही.

काल गाशे गोशूच्या नातीला ताप भरला.

आज सकाळी अस्नाकेचने नेहमीसारखं गवत पसरलं, बिया भाजल्या, दारात उभी राहून हाका मारल्या, "या गं, कॉफी झाली!" शेजारणीने शेजारणीला कॉफीची हाक मारली की ओ द्यायचीच, ही इथली रीत. एकही दार उघडलं नाही. पहिली कॉफी तिने एकटीने प्यायली. दुसरीही.

तिसऱ्या कॉफीला ते आले. सगळे एकदम आले आणि दारातच थांबले. पुढे झेर्फे होती, कडेवरच्या किरुबेलचं तोंड शालीने झाकलेलं. गोशूच्या हातात नात होती, मान लोंबकळलेली.

"एतिये," तो म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात विनोद नव्हता. "काही म्हणत नाही आम्ही. फक्त एकदा थुंका. मग लगेच सुई देतो."

अस्नाकेचच्या हातात निळ्या काठाचा तो कप होता, तिसऱ्या कॉफीने भरलेला. तो खाली ठेवून ती उठली. पोर तापत होतं ना! ती तिच्यावर वाकली आणि थुंकली. "पळा आता," म्हणाली. गोशू पळाला. बाकीचे गेले नाहीत. ते तिला दंडाला धरून गल्लीत घेऊन गेले आणि जाताना झेर्फेने भरलेला कप गवतावर ओतून खिडकीत उलटा ठेवला.

मित्रांनो, मला धुवून ठेवा, जपून उचला, तड्याला लिंपण करा, असं खरं तर मी आता मागायला हवं. ते राहू द्या. तुमच्या गल्लीतही कोणाच्या तरी खिडकीत एखादा कप वेगळा ठेवलेला असेल. तो आजच सुलटा करा, भरा, आणि ज्याचा असेल त्याच्याजवळ तिसरी कॉफी संपेपर्यंत बसा. पोराला ताप येईपर्यंत थांबू नका. त्यानंतर कोणी ऐकत नाही.

निखारे विझत आलेत. गल्लीत पावलं वाजताहेत. बरीच आहेत, आणि इकडेच येताहेत. मी अस्नाकेचचं पाऊल ओळखते. त्यांत ते नाही.