सावलीमागे धावणारा भुर्‍या

झुंबरबाईची चूक झाली होती, आणि ती तिची तिलाही ठाऊक होती. पण कबूल करील तर ती झुंबरबाई कसली!

साक्रीच्या पलीकडल्या त्या खेड्यात घारींनी नुसता उच्छाद मांडला होता. म्हणून बाईने भुर्‍या नावाचं कुत्र्याचं पिल्लू कोंबड्यांच्या डालग्याशेजारीच वाढवलं. शिकवण्याची युक्तीही तिचीच. काठीला सूप बांधायचं, भर उन्हात अंगणावर फिरवायचं आणि ओरडायचं, “घार उनी रे, घार उनी!” भुर्‍या भुंकला की भाकरीचा तुकडा. महिनाभर हात दुखेस्तोवर बाईने सूप फिरवलं. पण त्या गाढवाने मान वर करून सूप एकदाही पाहिलं नाही. तो शिकला फक्त जमिनीवरची सावली.

मग काय विचारता! कावळ्याची सावली दिसली, धाव. पारव्याची दिसली, धाव. एकदा तर शेजारच्या सुंदरबाईने खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवरून, म्हणजे बिबड्यांवरून, सावली गेली, आणि तिच्या मागोमाग भुर्‍याही गेला. पन्नास बिबड्यांचा चुरा झाला.

“अक्का, तुनं कुत्रं राखण करस का सावलीसंगे कुस्ती खेळस?” सुंदरबाईने सार्‍या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

झुंबरबाईचे पती अभिमन आबा यांनी त्याच दिवशी भुर्‍याला खुंट्याला बांधलं. तो बांधलेला असतानाच चार-पाच दिवसांत घारीने एकोणीस पिलांतली बारा उचलली. दोष मात्र भुर्‍याच्याच माथी! आबांनी निकाल देऊन टाकला, “बाजारले जास तव्हय याले साक्रीमा सोडी येस.”

मेलेल्या आईच्या अंगाला चिकटलेलं ते पिल्लू बाईने पदरात घालून आणलं होतं. बाजाराच्या गर्दीत ते कोणाच्या लाथा खाईल, कोणाच्या चाकाखाली जाईल?

बाजाराचा दिवस उजाडला. उन्हं अंगणात उतरली होती. आबांनी पिशवी खांद्याला लावली आणि भुर्‍याला खुंट्यावरून सोडलं. बाई तोंड फिरवून उभी राहिली. रडू दिसू नये म्हणून उगाच सूप झटकत होती.

तेवढ्यात अंगणातून एक सावली सरकली.

आबांच्या हातातली दोरी हिसकून भुर्‍या सुटला. “गया येडा!” आबा ओरडले. सावली निंबाखालून निघाली, गोठ्याकडून वळली आणि उकिरड्याजवळ चोच मारणार्‍या सात पिलांकडे निघाली. भुर्‍या तिच्या पाठोपाठ. बाईने वर पाहिलं, तर घार पंख मिटून खाली येत होती. आणि घार जसजशी खाली येईल तसतशी तिची सावली तिच्या जवळ जवळ सरकत होती. जमिनीला टेकताना दोघी एकाच जागी येणार होत्या!

त्या जागी भुर्‍या आधीच पोचला होता.

एकच कल्ला झाला. भुंकणं, किंचाळणं, धुरळा! घार कशीबशी उठली, रिकाम्या पायांनी निंबावरून वेडीवाकडी निघून गेली. भुर्‍याच्या तोंडात शेपटीची दोन पिसं होती. कोंबडीच्या पंखाखाली बाईने पिलं मोजली. सातच्या सात!

“दखं का? दखं का तुम्हीन?” बाई आनंदाने अशी ओरडली की गल्ली दारात आली. “मना भुर्‍या शे तो!”

बाजारासाठी बांधून घेतलेली भाकर आबांनी पिशवीतून काढली, अर्धी मोडली आणि भुर्‍यासमोर ठेवली. मग थोडा विचार करून उरलेली अर्धीही ठेवली, आणि उपाशीच, एकटे बाजाराला गेले.

त्या दिवसानंतर भुर्‍याला कोणी बांधलं नाही, आणि अंगणातलं एकही पिलू कमी झालं नाही. सुंदरबाई बिबडे वाळत घालायला माळवदावर जाऊ लागली.

पंधरा दिवसांनी तीच सुंदरबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. पदराआडून एक काळं पिल्लू डोकावत होतं.

“अक्का, याले बी शिकाड ना,” ती हळूच म्हणाली, “पन माय, चूक तीच करजो!”

झुंबरबाईने सूप उचललं.