सतरावा रॉड

इस्पितळाने बासष्ट चादरी परत पाठवल्या तेव्हा आमच्या जाऊबाईंनी गठ्ठा सोडला. त्यांनी एक चादर उलगडली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मला म्हणाल्या, "बघ गं, चहा सांडल्यासारखी दिसतेय की नाही?"

दिसत होतीच. पांढऱ्या कापडावर पिवळट ढग उठले होते. साबण तोच, मशीन तेच, धुणारे हातही तेच. दोष पाण्याचा होता. आमच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी येतं. तेवढ्यात तीन मशीनची लाँड्री चालत नाही, म्हणून आम्ही टँकर घेत होतो. टँकरवाला पाणी कुठून भरतो ते तो सांगत नव्हता आणि आम्हीही विचारत नव्हतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगीच नाही. त्या पाण्यात लोह होतं आणि ते चादरींवर उतरत होतं.

चादरींबरोबर एक पत्रही आलं होतं. इस्पितळातले कपडेविभागाचे साहेब तसे भले गृहस्थ, पण पत्र कडक होतं. महिनाभरात सुधारणा झाली नाही तर काम दुसऱ्याला देऊ. आमचं निम्मं पोट त्या इस्पितळावर चालतं.

रात्रीच्या जेवणाला चौघे बसलो. जाऊबाई, मी, व्हॅनमधून कपडे पोचवणारा माझा नवरा आणि थोरले दीर, ज्यांना मी दादा म्हणते. घरात त्यांचं खरं नाव हँडब्रेक. गाडी उतारावर असो की चढावर, दादा आधी ओढून धरणार.

"बोअर मारू या," जाऊबाई म्हणाल्या.

"तहान लागल्यावर विहीर खणायची?" दादा म्हणाले.

"तहान तर लागलीच आहे. आता निदान खणू तरी."

"आणि पैसे?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं त्यांनी रोलरसाठी पैसे बाजूला टाकले होते. रोलर म्हणजे चादर एका बाजूने ओली आत घालायची आणि दुसऱ्या बाजूने कडक इस्त्रीची बाहेर काढायची. त्यांच्या उजव्या खांद्याला इस्त्रीने कायमचं दुखणं लागलं होतं. त्या मशीनचं चित्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

"रोलर काय, पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या आणि दादांच्या पानात भात वाढला. विषय संपला.

आठवडाभरात परवानगीचा कागद हातात आला, मग भूजलवाल्या बाई आल्या. त्यांनी आमच्या वाळवणाच्या अंगणात लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, जमिनीत थोडी थोडी वीज सोडून यंत्रावरचे आकडे वहीत उतरवले. दोन तास हे चाललं. शेवटी अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी चुन्याने फुली मारली.

"इथे. वर मऊ माती, मग मुरूम, मग काळा दगड. दगडात खाली कुठेतरी भेग असावी. अडीचशे फुटांच्या पुढे, साडेतीनशेच्या आत."

"असावी?" दादांनी तो शब्द अचूक पकडला.

"असावी. दहापैकी सात वेळा माझं बरोबर येतं. उरलेल्या तीन वेळा लोक माझा फोन उचलत नाहीत."

बोअरवाले मिस्त्री जागा बघायला आले. उंच, वाळकुडा माणूस. त्यांनी दर सांगितला. पहिल्या तीनशे फुटांना एक दर, पुढच्या शंभराला सव्वापट. वरची माती ढासळू नये म्हणून जो जाड केसिंग पाइप घालायचा त्याचे वेगळे. "पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावे लागतात. मी पाणी विकत नाही, भोक विकतो." मोटार, तिचा पाइप आणि केबल हा पुढचा खर्च, तोही पाणी लागलं तर. दादांनी कागदावर हिशेब मांडला. तीनशे फुटांपर्यंत रोलरचे पैसे पुरत होते आणि मोटारीपुरते उरत होते.

"तीनशेला थांबायचं," दादा म्हणाले. जाऊबाईंनी मान हलवली.

पण मिस्त्री अंगणात उभे राहून गल्लीकडे बघत होते. "गाडी आत कशी आणायची?"

ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोअरची गाडी म्हणजे मोठा ट्रक, मागे कॉम्प्रेसरचा दुसरा ट्रक. आमचं फाटक हातगाडीला पुरेल एवढं. मागच्या कोपऱ्यात पोचायला एकच वाट होती, ती शेजारच्या मोकळ्या जागेतून. आणि मध्ये शेजाऱ्यांची भिंत.

शेजारी म्हणजे घड्याळकाका. पुढे दुकान, मागे घर, एकटा जीव. अकरा वर्षं आमचं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. आमची मोरी तुंबून साबणाचं पाणी रात्रीत त्यांच्या दुकानात शिरलं होतं आणि खालच्या फळीवर दुरुस्तीला ठेवलेली गिऱ्हाइकांची सात घड्याळं गेली होती. ते तक्रार घेऊन आले तेव्हा घाईगर्दीत जाऊबाई म्हणाल्या होत्या, "बंदच होती ना ती?" घड्याळकाका आल्या पावली परत गेले. पुढे भरपाई पाठवली, ती त्यांनी घेतली नाही.

"मी जाऊन येतो," माझा नवरा म्हणाला.

"नको. बोलले मी होते," जाऊबाई म्हणाल्या. मला मात्र त्यांनी बरोबर घेतलं. दुकानात शिरताना माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी रुतली.

काकांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं. हातातला चिमटा खाली ठेवला नाही.

"काका, एक मागायला आलेय," जाऊबाई म्हणाल्या. "पण त्याआधी एक द्यायचं राहिलंय. त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं. घड्याळं आमच्यामुळे गेली आणि वर मी तुमची थट्टा केली. माफी मागायला हवी होती. लाज वाटली, मग उशीर झाला, मग उशिराचीच लाज वाटायला लागली."

काकांनी चिमटा खाली ठेवला. दुकानात वीस-पंचवीस घड्याळं आपापली टिकटिक करत होती.

"सहा होती," ते म्हणाले. "सातवं मी नीट केलं. आता मागा काय मागायचं ते."

जाऊबाईंनी भिंतीचं सांगितलं. काकांनी विचारलं, किती फूट पाडणार, धूळ किती दिवस, आवाज किती. आम्हाला माहीत होतं तेवढं सांगितलं.

"मीही पिण्याचं पाणी कॅनने आणतो," काका म्हणाले. "तिसरा मजला नाही चढायचा म्हणून बरं, पण दोन पायऱ्याही आता जड जातात. पाणी लागलं तर मला एक नळ द्या."

"आणि नाही लागलं तर?"

"तर भिंत पहिल्यासारखी सरळ बांधून द्या. पहिलीही तशी वाकडीच होती."

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं. "घोटभर पाणी दे गं," म्हणाल्या. अजून बोअरचा पत्ता नव्हता, पण त्यांचा अर्धा भार तिथेच उतरला होता.

गुरुवारी सकाळी नऊला भिंत पडली आणि दोन्ही ट्रक आत आले. मिस्त्रींनी गाडीचा उंच मनोरा उभा केला, ओळंबा लावून सरळ केला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. असा आवाज की शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. आम्ही सगळं कापड आत घेऊन दारांना ओली पोती लावली होती. काकांच्या दुकानाची काच माझ्या नवऱ्याने आमच्याच बाद चादरींनी झाकली. काका मात्र दुकान बंद करून, नाकाला रुमाल बांधून, आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले.

पहिला धक्का लवकरच बसला. चाळीस फुटांवर दगड लागेल असं वाटलं होतं. तो लागला पासष्टवर. तोवर सगळी सुटी माती, म्हणजे केसिंग पाइप जास्त. दादांनी कागद काढला, काहीतरी खोडलं, पुन्हा खिशात ठेवला.

मग काळा दगड सुरू झाला. एक रॉड वीस फुटांचा. तो खाली गेला की मिस्त्री थांबत, वर दुसरा जोडत. मी भिंतीवर खडूने एकेक रेघ ओढत होते. पाच, सहा, सात. भोकातून राखेसारखी कोरडी धूळ उसळत होती. आमच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. दहा, अकरा. अडीचशे फूट झाले तेव्हा आम्ही सगळे पुढे सरकलो, जणू पाणी आमच्याकडे बघून यायचं होतं. तेरा. चौदा. धूळच.

पंधरावा रॉड पूर्ण उतरला. तीनशे फूट. मिस्त्रींनी हात वर केला, कॉम्प्रेसर थांबला. एकदम शांत झालं, नुसते कान वाजत राहिले.

"झाले तीनशे," ते म्हणाले. "इथून दर वाढतो. बोला."

दादा जाऊबाईंकडे बघत होते. ठरलं होतं ते ठरलं होतं. जाऊबाई पुढे गेल्या, भोकाभोवतीच्या ढिगावर वाकल्या आणि शेवटी उडालेली भुकटी मुठीत घेतली. मूठ दाबली आणि उघडली. भुकटी सांडली नाही. तिचा लाडू झाला होता.

"ही ओली आहे," त्या म्हणाल्या. "सकाळची अशी नव्हती."

तीस वर्षं कापड हाताळलेली बाई. चादर वाळली की दोन आणे ओल राहिली आहे हे त्यांना बोटांनी कळतं, ते आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

मिस्त्रींनी तो लाडू हातात घेऊन फोडला. "ओल आहे खरी. पण ओल म्हणजे पाणी नव्हे, बाई. कधीकधी ओलीवरच संपतं. खाली जा असं मी म्हणणार नाही. फूट वाढले की माझाच फायदा, मग माझ्या शब्दाला काय किंमत?"

"तुमच्या घरचं बोअर असतं तर?"

मिस्त्रींनी डोक्याचा रुमाल सोडून झटकला. "घरचं असतं तर एक रॉड टाकला असता. एकच."

"एक टाका," जाऊबाई म्हणाल्या.

सोळावा रॉड सुरू झाला. दहा फुटांवर धूळ कमी झाली, चिखलाच्या गोळ्या उडू लागल्या. वीस फूट पुरे झाले तेव्हा भोकातून राखाडी पेज आली, लोटाभर, आणि थांबली. आवाज बंद झाला.

जाऊबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बास. एक म्हटलं होतं, एक झाला." आवाज अगदी साधा होता. त्या घरात जायला वळल्यासुद्धा.

"मिस्त्री," दादा म्हणाले, "आणखी एक टाका."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. माझ्या नवऱ्याने तर चक्क विचारलं, "दादा, तू?"

"मोटार नंतर घेऊ. हप्त्याने घेऊ. माझं घड्याळ विकू."

"ते कोण घेणार?" काका खुर्चीतून म्हणाले. "वर्षभर मागे चालतंय ते."

"हे बघ," दादा बायकोकडे बघून म्हणाले, "आत्ता थांबलो तर उरलेलं सगळं आयुष्य तू या कोपऱ्याकडे बघून म्हणशील, वीस फूट कमी पडले. पैसे गेलेले मी सोसेन. ते नाही ऐकवणार मला."

जाऊबाई जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

सतरावा रॉड जोडला. आठ फूट, नऊ फूट. मी रेघ ओढायला खडू उचललेला, तो तसाच हातात. अकराव्या फुटाला आवाज बदलला. कर्कश होता तो एकदम घोगरा झाला, जसा सर्दी झालेल्या माणसाचा. मिस्त्रींनी मान वर केली आणि त्याच क्षणी भोकातून पाणी उसळलं. आधी गढूळ, मग राखाडी, मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत. थंडगार. आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. कॉम्प्रेसरच्या आवाजात कोण काय ओरडत होतं कुणास ठाऊक. काका खुर्ची सोडून उठले होते आणि हसत होते, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी दादांचा शर्ट धरला होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही भरलं.

मिस्त्रींनी रॉड पुरा उतरवला, मग अर्धा तास हवा मारून भोक धुतलं. पाणी कमी झालं नाही. त्यांनी पन्नास लिटरचं पिंप लावून घड्याळात बघितलं. "दोन इंची पाणी. तुमच्या तीन काय, पाच मशीन चालतील. पण दिवसभर सलग उपसू नका, भेगेला भरायला वेळ द्या." जाताना त्यांनी सतराव्या रॉडचा वाढीव दर लावला नाही. "घरचं धरलं," एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस धावपळीचे. मोटार हप्त्यावर आली, पाणी भोकात बरंच वर चढून राहिलं होतं म्हणून एकशे ऐंशी फुटांवरच सोडली. पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवाल आला तेव्हा मी मोठ्याने वाचला. थोडं जड पाणी, सोडा वाढवावा लागेल. लोह नगण्य. पिण्यास योग्य. "नगण्य म्हणजे?" जाऊबाईंनी विचारलं. "नाहीच म्हणा," मी म्हटलं. त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून बघितला. काकांकडचा नळ त्याच दिवशी बसवला.

महिना संपायला चार दिवस उरले असताना कपडेविभागाचे साहेब स्वतः आले. त्यांनी धुतलेल्या गठ्ठ्यातून मधल्या तीन चादरी काढल्या, खिडकीशी नेल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मग खिशातून पेन काढून पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर सही केली. चहा घेऊन गेलेसुद्धा.

जाऊबाई स्टुलावर बसल्या. "धाकटे, ये, बस जरा," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी त्यांच्या शेजारी गठ्ठ्यावर बसले. इस्त्री बंद केली. आत तिन्ही मशीन फिरत होती. अर्धा तास आम्ही दोघींनी कशालाही हात लावला नाही, आणि कुणी विचारायलाही आलं नाही.