मोथ्याअलीकडची सपाटी

महादेवराव काळबांडे एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. त्यातली अठरा वर्षं त्यांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाडीवर काढली. निवृत्तीनंतर ते नागपूरला, हुडकेश्वर भागात मुलाच्या घरी राहायला आले, पण घाट काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. कोणी साधी तब्येतीची चौकशी केली, तरी विषय गुडघ्यांवरून सुरू होऊन तिसऱ्या वाक्याला घाटातल्या एखाद्या वळणावर पोहोचायचा. त्यांच्या पत्नी तुळसाबाई ते वळण यायच्या आधीच उठून स्वयंपाकघरात जायच्या.

सून मिनल मात्र ऐकत बसायची. ती शाळेत गणित शिकवायची आणि दर रविवारी पहाटे सायकल घेऊन निघायची. तिच्या गटाचं रामटेक करून झालं होतं, कोंढाळीही झालं होतं. त्या हिवाळ्यात सगळ्यांनी ठरवलं, की आता खरा डोंगर चढायचा. परतवाड्यापर्यंत सायकली गाडीत घालून न्यायच्या आणि तिथून मेळघाटाच्या जंगलातून वर चिखलदऱ्याला.

एका संध्याकाळी ती फोनमधला नकाशा उघडून बसली होती. महादेवराव शेजारी येऊन टेकले.

"कोणत्या रस्त्यानं जाऊन राहिले तुम्ही?"

"घटांगकडून, बाबा. लांब पडते, पण चढ हळूहळू आहे."

"काहून वं? मोथा गावाकडून जा ना. जंगल कसं दाट आहे तिकडं. अन् मोथ्याच्या अलीकडं चार किलोमीटर तर निव्वळ सपाटी आहे. पाय मोकळे होते तिथं."

मिनलने फोन त्यांच्यासमोर धरला. "यात तर तेवढा तुकडा लाल दाखवून राहिला. लाल म्हणजे चढ."

"तो फोन गेला होता का कधी तिथून?" महादेवराव शांतपणे म्हणाले. "मी दिवसातून चारदा जात होतो."

मिनलने फोन खाली ठेवला. तिने मार्ग बदलला. मग दोन संध्याकाळी बसून महादेवरावांनी तिला सगळा घाट सांगितला आणि तिने तो कागदावर उतरवला. कुठे पाणी मिळेल, कोणत्या वळणावर खडी पसरलेली असते, कुठे वानरं अंगावर येतात. शेवटी तिने लिहिलं, की मोथ्याआधीचे चार किलोमीटर सपाट आहेत, तेव्हा त्याआधी सगळा जोर लावला तरी हरकत नाही. तो कागद तिने सगळ्यांना पाठवला. गटातल्या एकाची जुनी जीप सामान घेऊन सायकलींच्या मागून येणार होती. ती कोण चालवणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

जानेवारीतल्या रविवारी, उजाडता उजाडता, सात सायकली परतवाड्यातून निघाल्या. सर्वांत पुढे मिनल. मध्ये जरीपटक्याच्या गोपिका, वय बावन्न, दवाखान्यात नर्स. त्या चढावरही मोजून एकाच चालीने पायडल मारायच्या. सर्वांत मागे प्रीतम मेश्राम, कन्हानचा, सरकारी कचेरीतला कारकून. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी वजनावरून दम दिला म्हणून त्याने सायकल घेतली होती, आणि हा त्याचा पहिला घाट होता. ही गोष्ट त्याने कन्हानच्या चौकातल्या पानवाल्यापासून बायकोच्या माहेरापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती.

त्याच्या मागे जीप आणि जीपमध्ये महादेवराव, कानटोपी घालून.

इतक्या हळू त्यांनी हा घाट कधीच चढला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये जीप रांगत होती, मध्येच ते इंजिन बंद करून थांबत होते आणि सायकली पुढे गेल्या की पुन्हा निघत होते. इंजिन बंद झालं की जंगल ऐकू यायचं. सागाचं मोठं पान फांदीवरून सुटलं की खाली पडेपर्यंत त्याचा आवाज येत राहायचा. दरीच्या पलीकडून कुठून तरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. अठरा वर्षांत यातलं काहीच त्यांच्या कानावर आलं नव्हतं. बसच्या घरघरीत कंडक्टरची घंटा ऐकू आली तरी पुष्कळ.

कागद बरोबर निघाला. पाणी सांगितल्या जागी मिळालं, खडीही सांगितल्या वळणावरच होती. दोन थांब्यांवर मुलंमुली त्यांना येऊन म्हणाली, "काका, तुमच्या कागदासारखा कागद नाही." महादेवरावांनी मान फक्त थोडी हलवली, पण कानटोपी काढून केसांवरून हात फिरवला. खूश झाले की ते असं करत.

नवाच्या सुमारास उभा चढ संपला. लहानशा पुलापाशी रस्ता थोडा खाली उतरला आणि पुढे सरळ गेला. दोन्ही बाजूंना डोंगर असे उंच उठलेले, की त्यांच्यामध्ये तो रस्ता ताटासारखा दिसत होता. हीच ती सपाटी. सगळ्यांनी उरलासुरला जोर मागच्या चढावर खर्च करून टाकला होता. प्रीतमने तर पुलापाशी हात सोडून आळसही दिला.

अर्ध्या किलोमीटरवर सायकली रेंगाळू लागल्या. एकाने उतरून चाकात काही अडकलं का ते पाहिलं. दुसरीने ब्रेक घासतो आहे का ते तपासलं. काही अडकलं नव्हतं, काही घासतही नव्हतं. डोळ्यांना रस्ता सपाट दिसत होता आणि पाय मात्र मोडून येत होते. मिनल दात आवळून पुढे गेली, तिच्यामागे बाकीचे. प्रीतम एका मैलाच्या दगडापाशी सायकलवरून उतरला, उतरला कसला, कलंडलाच, आणि पोटरी धरून रस्त्याच्या कडेला बसला.

गोपिका मागे वळून आल्या. त्यांनी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पोटरी चोळायला घेतली. मिनलही परतली. महादेवराव जीपमधून उतरले.

"काय झालं गा?"

"काका, सायकल जीपमध्ये टाका," प्रीतम म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी पण बसतो. झालं माझं."

"अरे, आता कायले बसतो? मुख्य चढ तर तू चढून आला. हे तर सपाट आहे."

प्रीतमने त्यांच्याकडे पाहिलं. "याले सपाट म्हणून राहिले तुम्ही?"

"सपाटच आहे."

"मंग चालवून दाखवा."

मिनल म्हणाली, "प्रीतम, अरे," पण महादेवरावांनी हात वर करून तिला थांबवलं. प्रीतमची सायकल उचलली, सीट खाली करून घेतली आणि बसले. तरुणपणी ते गावाहून शेतात सायकलनेच जायचे, त्यामुळे तोल जायची भीती नव्हती. पहिले वीस हात बरे गेले. मग मांड्या भरून आल्या. मग धाप लागली. पन्नास हातांवर सायकल जागच्या जागी डुगडुगू लागली आणि त्याच क्षणी त्यांचा डावा हात, त्यांना न विचारता, हँडलवरून सुटून गिअरचा दांडा शोधायला खाली गेला.

थर्ड टाकायला.

महादेवराव पाय टेकवून उभे राहिले. त्यांना सगळं आठवलं. पुलावरून गाडी वेगात यायची आणि या दगडापाशी हात आपोआप टॉपमधून थर्डवर यायचा. रोज चारदा, अठरा वर्षं. पुलाच्या उताराचा जोर आणि इंजिनाची ताकद यांच्यावर बस हा चढ चढून जायची आणि ते सीटवर बसून समोरचं ताट पाहत राहायचे. हाताला ठाऊक होतं. त्यांनी हाताला कधी विचारलं नव्हतं.

ते सायकल ढकलत परत आले. धाप ओसरायला वेळ लागला. मग ते मिनलला म्हणाले, "माझं चुकलं. चढच आहे हा. तुझा फोन बरोबर होता."

मिनल सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली होती. भाजीत मीठ जास्त असल्याचं सांगण्यापासून मतदान कोणाला करावं इथपर्यंत सासऱ्यांचं प्रत्येक मत तिने ऐकलं होतं. हे वाक्य मात्र पहिल्यांदाच. तिने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

महादेवराव पाणी प्यायले आणि प्रीतमशेजारी जाऊन बसले. "माझ्या भरवशावर तू दम खर्च केला. आता जीपमध्ये बसायचं असंल तर बस, कोणी काही म्हणणार नाही. पण मोथा इथून अडीच किलोमीटर आहे. ते मात्र पक्कं, दगडावर लिहिलं आहे. आपण दोघं पायी जाऊ. पोटरी मोकळी झाली की बस सायकलवर."

"अन् जीप?"

"जीपले काय होते? राहू दे इथंच."

मिनल आणि गोपिका पुढे गेल्या. सायकल मध्ये धरून दोघे चालू लागले. महादेवरावांनी प्रीतमला एक वळण दाखवून सांगितलं, की इथे गाडी बिघडली असताना लग्नाचं वऱ्हाड उतरलं आणि चार तास बँडवाल्यांनी जंगलाला गाणी ऐकवली. नवरदेव बिचारा शेवटी फांदीला फेटा अडकवून झोपला. प्रीतम हसला. हसताना पोटरीवर लक्ष राहिलं नाही. पुढच्या वळणाला त्याने कचेरीतल्या साहेबांची नक्कल करून दाखवली, तेव्हा महादेवरावांना हसण्यासाठी थांबावं लागलं. चालून चालून त्यांचे गुडघे बोलू लागले होते, पण त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मोथ्याची पहिली घरं दिसली तेव्हा प्रीतम म्हणाला, "काका, आता बसून पाहू का?"

"पाहा."

तो बसला. सायकल दोनदा डावी-उजवीकडे झोकांडली आणि मग सरळ झाली. महादेवराव मागून जोरात चालत राहिले, पण त्याला गाठू शकले नाहीत. गावातल्या एका झोपडीसमोर बाकीचे सगळे स्ट्रॉबेरीच्या टोपल्यांभोवती उभे होते. प्रीतम येताना दिसताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रीतमने थांबल्याबरोबर आधी फोन काढला आणि बायकोला लावला.

महादेवरावांना जीप आणायची होती. दूध घालून परतवाड्याकडे निघालेल्या एका गवळ्याने त्यांना मोटरसायकलवर घेतलं. दोन रिकाम्या कॅनच्या मधोमध, कानटोपी सावरत, ते खाली निघाले. उतारावर मोटरसायकल सुसाट सुटली, तेव्हा त्यांनी मागे वळून रस्त्याकडे नीट पाहून घेतलं.

चिखलदऱ्याला सगळे पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दरीच्या कठड्यापाशी बसून पिठलं-भाकर खाताना मिनलने विचारलं, "बाबा, पुढच्या महिन्यात घटांगकडून येऊ म्हणतो आम्ही. तिकडचा कागद कधी करायचा?"

महादेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आधी पाहतो. मंग सांगतो."

"तुम्ही तर तो रस्ता शेकडो वेळा पाहिला आहे."

"बसमधून," ते म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात हुडकेश्वरच्या रिंगरोडवर, सकाळी सहा वाजता, कानटोपी घातलेला एक म्हातारा मिनलच्या जुन्या सायकलवर फेऱ्या मारताना दिसू लागला. सायकलच्या हँडलला छोटी वही बांधलेली होती. कुठे थोडा जरी चढ लागला, तरी तो थांबून त्यात काही लिहायचा. तुळसाबाई फाटकापाशी चहाचा कप घेऊन उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, की सांगायच्या, "रस्ता मोजून राहिले. इतकी वर्षं गाडी चालवली, आता रस्ता समजून घेऊन राहिले."