बंदरावरची बाई

१९६९ साली लंडनजवळ हाउन्सलोच्या एका घरात मी तळमजल्यावर भाड्याने राहत होते आणि वरच्या मजल्यावर आल्दो बेर्तोली. तो इटलीचा. लंडनच्या बायकांच्या साप्ताहिकांत प्रेमकथा येत, त्यांची चित्रं तो काढायचा. डॉक्टर आणि नर्स, घोड्यावरचा जमीनदार, त्याच्या गळ्यात पडलेली सोनेरी केसांची पोरगी. त्या पोरीचे हात पुष्कळदा माझे असत. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहायचे, तो फोटो घ्यायचा आणि चित्रात हातांना गोरा रंग द्यायचा.

"तुमचे हात इंग्लंडभर लग्नं जमवतात, सिन्योरा हदासा," तो म्हणायचा.

"मग भांडी कोण घासतं त्यांची?" मी विचारायचे.

पंधरा वर्षं इथे काढूनही त्याला इंग्रजी बोलण्यापुरतंच येई, वाचून समजत नसे. साप्ताहिकाच्या ऑफिसातून टाइप केलेली गोष्ट पोस्टाने यायची. त्याची बायको मार्गरेट ती वाचून सांगायची आणि कोणता प्रसंग काढायचा ते दोघं ठरवायची. ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात मार्गरेट वारली. साप्ताहिकं तर आता चित्रांऐवजी फोटो छापू लागली होती. आल्दोच्या ओळखीचे चित्रकार एकेक करून घरी बसले होते. एक चूक झाली की तोही बसणार, हे तो जाणून होता.

फेब्रुवारीत एक गोष्ट आली. चित्र शुक्रवारी हवं होतं. तो कागद घेऊन खाली आला.

"तुम्ही वाचून सांगा. तुमचं इंग्रजी साहेबी."

ते खरं होतं. मुंबईत भायखळ्याला मी बारा वर्षं एका इंग्रज कुटुंबाची मुलं सांभाळली. भाषा तिथे कानाने उचलली. पण शाळेची पायरी मी चढले नव्हते. घरात वाचणारी एकटी माझी मुलगी शर्ली, आणि ती कार्डिफला नर्सिंग शिकत होती. विमानतळावर लाद्या पुसणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ते साहेबी इंग्रजी हीच काय ती इज्जत. ती मला सोडवेना.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलेली गोष्ट त्या कागदांवर नव्हती. एक बाई बंदरावर उभी आहे. नवऱ्याची बोट लागली आहे. सगळे उतरतात, तो उतरत नाही. अठ्ठेचाळीस साली मुंबईला बॅलार्ड पियरवर मीच तशी उभी होते.

आल्दो डोळे मिटून ऐकत होता. "शेवट गोड आहे ना?"

"आहे. तो पुढच्या बोटीने येतो."

तीन दिवस तो रंगवत राहिला. मग त्याने मला चित्र दाखवलं. त्या बाईला त्याने या वेळी हात गोरे दिले नव्हते.

पुढच्या बुधवारी चित्र परत आलं, सोबत पत्र. आल्दो जिन्यावर बसला आणि पत्र माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही.

"मला वाचता येत नाही, मिस्टर आल्दो. ती गोष्ट मी रचली."

त्याने पत्र स्वतःकडे वळवलं.

"अक्षरं मला येतात," तो म्हणाला. "उच्चार करता येतो. अर्थ लागत नाही."

एकेका शब्दावर बोट ठेवून तो त्याच्या इटालियन धाटणीने वाचू लागला. एकेक शब्द दोन-तीनदा म्हणायला लावला की मला कळायचा. गोष्ट जनावरांच्या डॉक्टरची होती, तिच्यात बंदर कुठून आलं, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती गोष्टही आम्हाला अशीच वाचता आली असती. माझ्या टेबलाशी बसून, एका संध्याकाळी. त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याचा आवाज खाली गेला.

"पुढे वाचा," मी म्हणाले.

शेवटच्या दोन ओळी तो अर्ध्या वाचतो न वाचतो तोच मला कळल्या.

"काय म्हणतात?"

खोटं बोलले असते तर त्याचे चार दिवस बरे गेले असते.

"यापुढे फोटोच छापणार आहेत. तुम्हाला काम पाठवणार नाहीत."

त्याने मान हलवली. मग पत्र गुडघ्यावर सपाट केलं.

"पुन्हा वाचू. एखादा शब्द माझा चुकला असेल."

त्या दिवशी आम्ही ते पत्र पाच वेळा वाचलं. त्याचा एकही शब्द चुकला नव्हता.