शनिवारनंतर कापायचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येतो तो लाल मखमलीचा, दोरी ओढताच दोन्हीकडे सरकणारा आणि टाळ्या घेणारा दर्शनी पडदा. तो मान माझा नाही. मी मागचा पडदा. माझ्यावर रान रंगवलेलं आहे आणि माझ्यापुढे उभं राहून लोक नाटक करतात. नटमंडळी प्रेक्षकांकडे तोंड करतात, म्हणजे माझ्याकडे पाठ. त्यामुळे राजे, शिपाई, सावकार या सगळ्यांना मी ओळखतो ते पाठीवरून. कोणाचा अंगरखा घामाने भिजला आहे, कोणाच्या मुकुटाची नाडी लोंबते आहे, हे प्रेक्षकांना कधी कळत नाही. मला कळतं, आणि मी कोणाला सांगत नाही.

माझा जन्म लालबागचा. तिथल्या एका मिलमध्ये मांजरपाटाचा एक ताका विणताना चुकला आणि बाजूला पडला. तो कुशाबा तावड्यांच्या घरी आला. त्यांच्या पत्नीने, कमलताईंनी, त्याचे पट्टे जोडून मला शिवलं. कुशाबा मिलच्या छपाईखात्यात होते. साड्यांवर आणि चादरींवर फुलं छापण्यात त्यांचा जन्म चालला होता. त्यांच्या चाळीत एक नाट्यमंडळ होतं. त्या वर्षीच्या नाटकात राजा वनवासाला जायचा होता, म्हणून रान हवं होतं. कुशाबांनी चाळीच्या गच्चीवर चिंचोक्याची खळ शिजवली आणि माझ्या अंगावर चढवली. वाळल्यावर मी असा कडक झालो, की वारा आला की पापडासारखा वाजायचो. मग त्यावर रंग चढले. झाडं झाली, वेली झाल्या, आणि शेवटी पोपट बसवले.

पोपटांपाशी घोटाळा झाला. छपाईखात्यात ठसा ठरावीक अंतराने पुन्हा उमटतो. वर्षानुवर्षं तेच करून कुशाबांच्या हाताला ती चाल लागली होती. त्यांनी एक पोपट काढला, दोन हातांवर दुसरा काढला, आणखी दोन हातांवर तिसरा. सगळे एका मापाचे, एका रेषेत, आणि सगळेच्या सगळे डावीकडे बघणारे.

नाटक बसवायचे चिंतामणी मास्तर. ते शाळेत शिकवत नव्हते, मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. पण नाटक बसवणाऱ्याला मास्तर म्हणायची आमच्याकडे रीत होती. ते गच्चीवर आले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"कुशा, हे रान आहे की परकराचं कापड?"

"हात तसाच वळला, मास्तर," कुशाबा ओशाळून म्हणाले.

"सगळे पोपट एकाच आईचे दिसतात. आणि डावीकडे काय बघतायत?"

"सुपरवायझर येतोय का ते."

मास्तर हसले. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, म्हणून मी तसाच राहिलो. पण तालमीत एक गंमत झाली. नट एकमेकांवर आदळायचे, एकमेकांच्या पुढे यायचे. मास्तर ओरडून ओरडून दमले आणि म्हणाले, "राजा, तू तिसऱ्या पोपटाखाली. प्रधान, तू पाचव्या. आत येताना एक नजर वर टाकायची आणि आपला पोपट गाठायचा." त्या दिवसापासून कोणी कोणावर आदळलं नाही. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी मंडळाच्या शिस्तीचं कौतुक केलं. माझ्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. माझे पोपट त्या रात्री डावीकडेच बघत होते, पण मला वाटतं, जरा ऐटीत.

मग ब्याऐंशीचा जानेवारी आला आणि गिरणगावाचे भोंगे थांबले. मित्रांनो, लोक म्हणतात, संपात आणि त्यानंतरच्या वर्षांत इथे काही घडलंच नाही, नुसती उपासमार झाली. उपासमार होती, ते खोटं नाही. पण मी तेव्हा तिथे होतो, म्हणून सांगतो. दत्तू नावाचा एक गडी चाळींच्या जिन्यांत बसून पोवाडे रचत होता आणि ते परळपासून शिवडीपर्यंत पाठ होत होते. साचेवाल्यांनी गणपतीच्या देखाव्यात सायकलच्या चाकांवर नाचणाऱ्या बाहुल्या केल्या. बोर्ड रंगवणाऱ्यांनी मोर्च्यांचे असे फलक रंगवले, की माणसं चालता चालता थांबून बघायची. कामाला सरावलेले हात रिकामे बसत नाहीत. त्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या घरी कमलताईंची खाणावळ होती. जेवणारे गडी गावाला निघून गेले, तशी चूल थंडावली. कमलताईंनी गोधड्या शिवायला घेतल्या. गोधडीच्या पोटात घालायला मोठं, जाड कापड लागतं. त्यांची नजर पोटमाळ्यावर गेली, आणि पोटमाळ्यावर मी होतो.

"ह्याच्यात तीन गोधड्या आरामात बसतील," त्या कात्री घेऊन म्हणाल्या.

"बसतील," कुशाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. घरात लहानगी लेक अंबिका होती. तिच्या पोटापुढे पोपटांची बाजू घ्यायला त्यांची जीभ रेटेना. मी माझी आशा सोडली.

तेवढ्यात चिंतामणी मास्तर दारात आले.

"वहिनी, कात्री खाली ठेवा. एक प्रयोग होऊ दे. मग पडदा तुमचा, पोपटांसकट."

"कसला प्रयोग? राजा तर देवगडला जाऊन बसलाय."

"म्हणून तर नवं लिहिलंय. राजाच नाही त्यात."

मास्तरांनी काय केलं होतं ते ऐका. नाटकाला साजेसा पडदा सगळेच शोधतात. त्यांनी पडद्याला साजेसं नाटक लिहिलं होतं. संपात गावी गेलेला एक कामगार झाडाखाली रुसून बसला आहे आणि त्याची बायको त्याला परत न्यायला आली आहे. रान तयारच होतं. कामगाराचं काम मास्तर स्वतः करणार होते. प्रश्न बायकोचा होता. पूर्वी मंडळ बाहेरून नटी आणायचं, आता ते जमण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी कमलताईंकडे पाहिलं. आणि कुशाबा हसायला लागले. संप सुरू झाल्यापासून त्यांचं हसू मी ऐकलं नव्हतं.

"माका?" कमलताई म्हणाल्या. "वेड लागला काय तुमका? ह्या माका जमाचा नाय."

"सकाळी नळावर जे करता तेच करायचं," मास्तर म्हणाले, "फक्त जरा हळू आवाजात."

प्रयोग चाळीच्या चौकात संध्याकाळी झाला. मला दोन खांबांमध्ये बांधलं होतं आणि चारी मजल्यांचे कठडे माणसांनी भरले होते. कमलताईंना तिसऱ्या पोपटाखाली उभं राहायचं होतं. त्या आल्या आणि घाबरून प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोट वर करून पोपट मोजू लागल्या. लोक हसू लागले. माझ्या आयुष्यात रंगमंचावरून माझ्याकडे तोंड करून बघणारं ते पहिलं माणूस. कपाळावर घाम होता, कुंकू जरासं ओघळलं होतं. पोपट सापडला तशा त्या वळल्या, आणि लिहिलेली सगळी वाक्यं विसरल्या.

चौक शांत झाला. मास्तर झाडाखाली बसल्या बसल्या पुटपुटत होते, पण कमलताईंना ऐकू जाईना. मग त्या मास्तरांकडे वळून आपल्याच घरातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा. किती बसाल? भात चुलीवर ठेवून आले. संप मिटेपर्यंत भात थांबायचा नाही."

मग तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी हसलं आणि सगळी चाळ हसली. त्या हसण्यात कित्येक महिन्यांचं साचलेलं काहीतरी होतं. पुढचं अर्धं नाटक कमलताईंनी मनाचंच केलं. मास्तरांनीही मुकाट्याने त्यांच्या मागून जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कमलताईंनी मला खाली पसरलं आणि कात्री घेतली. इतक्यात परळच्या एका चाळीतून निरोप आला: येत्या शनिवारी आमच्याकडे करा, पण त्याच बाई हव्यात.

कमलताईंनी थोडा विचार केला. "बरं. शनिवारनंतर कापते."

पण त्या शनिवारपाठोपाठ दुसरा शनिवार आला. कॉटन ग्रीनच्या गोदामाजवळ मी टांगला गेलो. वरळी कोळीवाड्यात होड्यांच्या मधोमध टांगला गेलो. तिथल्या सुकटीचा वास पुढे कित्येक दिवस माझ्या अंगाला होता आणि मला तो आवडायचा. दर वेळी घरी आल्यावर कमलताई बजावायच्या, "शनिवारनंतर नक्की." गोधड्या त्या जुन्या साड्यांच्या शिवू लागल्या.

संप कोणी मिटवला नाही. तो आपोआप विरत गेला. मिली बंद पडत गेल्या, माणसं पांगली. मास्तर गावी गेले आणि परतले नाहीत. मी बांबूवर गुंडाळून पोटमाळ्यावर गेलो आणि तिथेच राहिलो. पुढे चाळ पाडून टॉवर झाला. लिफ्टमध्ये बांबू मावेना, म्हणून माझी घडी घालून मला वर नेलं.

कुशाबा गेल्या वर्षी गणपतीआधी गेले. अंबिका आता मोठी आहे. ती माझ्यापाशी फारसं बोलत नाही. दर रविवारी मला पलंगावर काढते आणि घडी बदलते, म्हणजे एकाच रेषेवर रंग तडकू नये. मग हाताला लागलेला रंग न धुता थोडा वेळ बसून राहते.

परवा माटुंग्याच्या कॉलेजातला जगदीश घरी आला. संपाच्या दशकातले फलक, देखावे, पडदे शोधून तो त्यांचं प्रदर्शन भरवतो आहे. गुडघ्यांवर बसून त्याने मला पाहिलं.

"सही नाही कुठे," तो म्हणाला.

"छपाईखात्यात सही करत नाहीत," अंबिका म्हणाली. "पण हे बाबांचंच. तुम्ही लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाला, "मावशी, आमची भिंत लहान आहे. कडा खराबच झाल्यात. मधला चांगला तुकडा कापून फ्रेम केला तर?"

माझ्यावर पुन्हा एकदा कात्री आली होती. अंबिकेने आईकडे पाहिलं.

"तुकडा लावशील रे," कमलताई शांतपणे म्हणाल्या. "पण तुकड्यापुढे उभा कोण राहणार?"

जगदीशने विचारलं, टॉवरमध्ये हॉल आहे का. हॉल आहे, पोरांचे वाढदिवस होतात तिथे. "मग प्रदर्शनच इथे आणतो," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही पलंगाखाली, माळ्यावर, कोणाच्या तरी हाताने केलेलं काहीतरी बांधून ठेवलेलं असेल. ते बाहेर काढा. कोणी केलं ते घरच्यांना विचारा आणि नाव लक्षात ठेवा. आणि ते वापरा. वापरल्याने मी विरेन, पण गुंडाळून ठेवल्याने मी कुजतो.

प्रदर्शनात माझ्यापुढे पोरं नाटक करणार आहेत, आणि आज हॉलमध्ये त्यांची तालीम आहे. अंबिका स्टुलावर चढून माझी दोरी बांधते आहे. कमलताई खुर्चीतून तिला सांगताहेत, "डावीकडे खाली आलाय. तुझा बापूस पण असाच वाकडा टांगायचा."

अंबिकेने दोरी ओढून मला सरळ केलं. मग डावीकडची गाठ तिने पुन्हा जराशी सैल सोडली.